पाण्याचा पापुद्रा

धामणखिंडच्या तांब्याच्या खाणीवर आता माणसं फारशी लागत नव्हती. खडक फोडणारी यंत्रं नागपूरच्या एका थंडगार खोलीतून चालवली जात, डंपर आपापले रस्ते ओळखत, आणि कॉलनीतल्या रिकाम्या क्वार्टरांच्या गॅलऱ्यांमधून वानरांनी संसार थाटले होते. फाटकावरचे चौकीदार सोडले तर पौर्णिमा खोब्रागडे तेवढी मागे उरली होती. तिच्या प्रयोगशाळेतलं काम यंत्रांना अजून जमलं नव्हतं.

तिचं काम तरंगवणीचं. तांब्याचा दगड दळला की त्याचं पीठ होतं. त्यात तांबं थोडं, माती फार. ते पीठ मोठमोठ्या टाक्यांत पाण्यात कालवायचं आणि खालून हवेचे बुडबुडे सोडायचे. पाण्यात साबणाच्या जातीचं एक रसायन मिसळलेलं असतं. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट. डोकं तांब्याच्या कणाला घट्ट धरतं, आणि शेपटीला पाण्याचा तिटकारा. अशा शेपट्या अंगभर चिकटल्या की कणालाही पाणी नकोसं होतं. जवळून जाणाऱ्या बुडबुड्याला तो बिलगतो आणि त्याच्याबरोबर वर येतो. वर जमलेला फेस काढून घेतला की तांबं हाती लागतं, माती तळाशी राहते.

सांगायला हे सोपं. खरी अडचण त्या बिलगण्यात. कण आणि बुडबुडा कितीही जवळ आले तरी दोघांच्या मध्ये पाण्याचा एक पापुद्रा उरतो. तो निथळत निथळत पातळ व्हावा लागतो. साबणाच्या फुग्यावर जे रंग खेळतात ते असल्याच पातळ पापुद्र्याचे. तो आणखी पातळ झाला की रंगही जातात, काळा डाग दिसू लागतो, आणि मग पापुद्रा फाटतो. फाटला तरच कण बुडबुड्याचा झाला. फार बारीक कणाच्या अंगात मात्र तेवढा जोरच नसतो. बुडबुड्याला वळसा घालणाऱ्या पाण्याबरोबर तोही वळतो आणि निघून जातो. त्यात साबणाचा स्वभाव आडवा येतो. पापुद्रा कुठे पातळ पडला की आजूबाजूचे रेणू तिकडे धावतात, सोबत पाणी ओढून नेतात आणि ठिगळ लावतात. वरचा फेस टिकायला हे ठिगळ हवं, खाली कण पकडायला ते नको.

पौर्णिमाने हे कोडं सोडवलं होतं. तिने घडवलेल्या रेणूला दोन शेपट्या होत्या. खाली, कणाजवळ, त्या पापुद्र्याला क्षणात फाडत. वर फेसात पोचल्यावर त्याच शेपट्या एकमेकींत गुंतून फेस सांभाळत. डोळ्याला न दिसणारी धूळसुद्धा वर यायची. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण ती त्याला दुशेपटी म्हणायची, आणि पुढे सगळेच तसं म्हणू लागले.

त्या धुळीबद्दल वाचूनच डॉ. तस्नीम काझींनी तिला पहिल्यांदा फोन केला होता. नागपूरला त्या छातीच्या डॉक्टर होत्या. खाणीत, क्रशरवर, पाटे-वरवंटे घडवण्यात ज्यांची उमर गेली, त्यांच्या छातीत गारगोटीची धूळ साचते आणि फुप्फुस हळूहळू दगडासारखं होत जातं. त्यावर औषध नव्हतं.

"फुप्फुसाच्या प्रत्येक फुग्याला आतून पाण्याचा पापुद्राच असतो," तस्नीम म्हणाली होती. "आणि तो टिकावा म्हणून शरीर स्वतःचा साबण तयार करतं. तुझ्या टाकीत आणि माझ्या पेशंटमध्ये मला फारसा फरक दिसत नाही."

पुढची काही वर्षं दोघींनी त्यात घातली. दुशेपटीला तांब्याऐवजी गारगोटी धरायला शिकवलं, शरीराला सोसेल अशी केली. कामाच्या निमित्ताने मैत्री झाली. रविवारी तस्नीमचा फोन यायचा आणि काम संपल्यावरही दोघी बोलत बसायच्या. पौर्णिमाची आई ब्रह्मपुरीला वारली होती, लग्न केलेलं नव्हतं. तस्नीमच्या फोनशिवाय दुसरा फोन सहसा यायचा नाही.

पहिले पेशंट भरती झाले त्या आठवड्यात तस्नीमने विचारलं, "तुझं गाव ब्रह्मपुरी ना?"

"हो. का गं?"

"बालाघाटकडून एक म्हातारा आलाय. मँगनीजच्या खाणीत ड्रिल चालवायचा. हे औषध कोणी शोधलं म्हणून विचारत होता, मी तुझं नाव सांगितलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलाय. केवळराम खोब्रागडे नाव आहे."

तिचे बाबा खाणीवर कामाला गेले तेव्हा ती शाळेत होती. आधी महिन्याच्या महिन्याला यायचे, मग सणासुदीला, मग नाहीच. तिकडे दुसरं घर केल्याचं कानावर आलं. आई अंगणवाडीत मदतनीस होती. तिने पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही.

"पौर्णिमा? आहेस ना?"

"माझे बाबा आहेत ते," ती म्हणाली.

फुप्फुस धुवायच्या दिवशी ती काचेपलीकडे उभी होती. एका फुप्फुसाला श्वास देत ठेवून दुसऱ्यात दुशेपटीचं कोमट पाणी भरलं, आणि केसाहून बारीक बुडबुडे सोडले. टेबलावर झोपलेला माणूस इतका लहान दिसत होता की तो आपल्या आठवणीतला माणूस आहे असं तिला वाटेना. थोड्या वेळाने नळीतून फेस येऊ लागला. पांढरा, मग करडा, मग शिशासारखा. आयुष्यभर तिने फेस पाहिला होता. रंगावरून त्यात काय आलंय हे तिला कळायचं. हा कुठल्यातरी डोंगराचा तुकडा होता, आणि तो डोंगर फोडायला हा माणूस आपल्याला सोडून गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात गेली. केवळराम उशीला टेकून बसले होते. तिला पाहून त्यांनी अंगावरची चादर उगाच सारखी केली.

"पुनी," ते म्हणाले. "तू तुह्या मायसारखी दिसतं."

"बरं वाटते का आता?"

"छातीतला धोंडा उतरल्यावानी वाटते." मग थांबून म्हणाले, "मले तोंड नाई तुयाशी बोलाले."

"बोलू नका मग. दम लागेल," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून तिथेच बसून राहिली.

तरणे पेशंट महिन्याभरात घरी गेले. छातीतले जुने व्रण राहिले, पण पुढची झीज थांबली. चार म्हातारे पेशंट मात्र अडकले. दुशेपटी धूळ घेऊन बाहेर आली तरी थोडीशी आत, पापुद्र्यात, उरली होती. तरण्या फुप्फुसांनी तिला बाजूला सारून आपला साबण पुन्हा तयार करायला घेतला. म्हाताऱ्या पेशींना वाटत राहिलं की पापुद्र्यावर साबण आहेच, आणखी कशाला करा. त्या स्वस्थ बसल्या. साबण नाही तर फुप्फुसाचे फुगे मिटतात, पुन्हा उघडत नाहीत. त्यावर तोडगा एकच होता. शरीरातला असतो तसाच साबण बाहेर तयार करून वाफाऱ्याने रोज सकाळ-संध्याकाळ आत द्यायचा. तो पौर्णिमाच्या प्रयोगशाळेतच व्हायचा आणि दोन दिवसांत नासायचा. धामणखिंडहून नागपूरला तो गाडीने जाई. बालाघाटच्या पलीकडच्या खेड्यात ताजा पोचणं शक्य नव्हतं.

"बाकीचे तिघं इथेच वॉर्डात राहतील," तस्नीम म्हणाली. "तुझ्या बाबांचं काय करायचं ते तू ठरव. तुझ्यावर काही बंधन नाही."

"माझ्याकडे येऊ दे," पौर्णिमा म्हणाली.

अशा रीतीने केवळराम मुलीच्या घरी राहायला आले. पहिले काही दिवस दोघांना एकमेकांची अडचण झाली. मग हळूहळू ते उजेडायच्या आधी उठून अंगण झाडू लागले. मागच्या पडक्या क्वार्टरच्या कुंपणातून अंबाडी तोडून आणत, कण्या घालून भाजी करत. ती कामावरून यायच्या वेळेला ओसरीत खुर्ची टाकून बसत, आणि वानरांना दटावण्याचा आवाज तिला रस्त्यावरूनच ऐकू यायचा. जेवताना ती दिवसभरात काय झालं ते सांगायची. आजवर हे सांगायला कोणी नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा तिला शब्दच नीट जुळवता येईनात.

"म्हंजे तो बुडबुडा त्याले पकडते," बाबा विचारायचे, "का तो बुडबुड्याले पकडते?"

"दोघांच्या मधलं पाणी बाजूला झालं की कोणी कोणाला पकडावं लागत नाही, बाबा."

एकदा तोंडाला वाफाऱ्याचा मुखवटा लावलेला असताना त्यांनी तो काढून विचारलं, "तुही माय शेवटी काई म्हणे का माह्याबद्दल?"

"नाही," पौर्णिमा म्हणाली. "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली आणि मुखवटा पुन्हा लावला. तिला खोटं सांगता आलं असतं. तिने सांगितलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पण त्यानंतर दोघांमधलं अवघडलेपण कमी झालं.

रोज दिवेलागणीला ते ओसरीच्या कडेला जाऊन फोन लावत. तिकडे फुलवंती असायची, त्यांची दुसरी बायको. भात कसा आहे, म्हैस व्याली का, छपराची कौलं फेरली का, असलं ते बोलायचे. पौर्णिमा आत भांडी विसळत असायची. त्यांच्या आवाजात तेव्हा एक सैलपणा यायचा. तिच्याशी बोलताना तो कधी नसायचा.

पोळ्याच्या आधी तिच्या हाती एक गोष्ट लागली. तांबं वर काढल्यावर कणांच्या अंगावरची शेपटीवाली रसायनं काढूनही टाकावी लागतात, नाहीतर पुढच्या टाकीत नको ते वर येतं. त्यासाठी दुसरा एक रेणू असतो. तो शेपटीवाल्याचं डोकं धरून त्याला सोडवून नेतो. तसाच एक रेणू दुशेपटीसाठी करावा असं तिच्या डोक्यात होतं. बाबांच्या फुप्फुसातून डॉक्टरांनी काढलेल्या पाण्याचा एक थेंब तिने तारेच्या कड्यात धरला. दिव्याखाली पापुद्र्यावर तांबडे-हिरवे पट्टे सरकले, काळा डाग पडला, आणि तो नेहमीसारखा फाटला. मग दुसऱ्या थेंबात तिने नवा रेणू मिसळला. पट्टे सरकले. काळा डाग पसरला, सगळं कडं काळं झालं, आणि पापुद्रा फाटला नाही. ती बघत राहिली. तो तसाच टिकला. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरही तेच उत्तर आलं. उरलीसुरली दुशेपटी निघून गेल्यावर त्या आपला साबण पुन्हा करू लागल्या.

म्हणजे थोड्याशा वाफाऱ्यांत बाबा मोकळे होणार होते. कुठेही राहू शकणार होते.

ती घरी आली तेव्हा ओसरीवर ते फोनवर होते. "येतो ना वं," ते फुलवंतीला म्हणत होते. "मले काय इथंसा हौस आहे? हे मशीन सुटलं का दुसऱ्या दिवशी येतो."

पौर्णिमा त्यांच्या बाजूने आत गेली, हातपाय धुतले, पानं वाढली. जेवताना बाबांनी आज काय झालं म्हणून विचारलं.

"काही विशेष नाही," ती म्हणाली.

रविवारी तस्नीमनेही विचारलं. पौर्णिमा म्हणाली, "अजून नमुने तपासते आहे. घाई नको." पुढच्या रविवारीही तेच म्हणाली. आपण खोटं बोलतोय असं तिने स्वतःशी म्हटलं नाही. आणखी एकदा खात्री करून घेऊ, असं म्हटलं. पेशींचा प्रयोग पुन्हा लावला, पुन्हा तेच उत्तर आलं, आणि तिने तो आणखी एकदा लावला. पोळा झाला, गणपती बसले. बाबांनी कुठूनशी चिकणमाती आणून कोनाड्यात बैल घडवून ठेवला. बापलेक त्याच्या मोडक्या कानावरून हसले. नागपूरच्या वॉर्डात तिघं जण अजून मुखवटे लावून बसले होते, हे तिला माहीत होतं. आठवण आली की ती दुसरं काम काढायची.

मग एका दुपारी वादळी पाऊस झाला. जंगलातले खांब आडवे झाले, प्रयोगशाळेची वीज गेली, आणि थंड कपाटातला साबण नासला. नाल्याच्या पुलावरून पाणी गेलं, रस्ता बंद झाला. संध्याकाळच्या वाफाऱ्याला घरात काही उरलं नव्हतं. अंधार पडायच्या सुमाराला केवळरामांचा श्वास लागला. खाटेच्या काठाला दोन्ही हातांनी धरून ते बसले होते, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, ओठ निळसर. जनरेटर सुरू करायला तिने चौकीदाराला पिटाळलं आणि स्वतः प्रयोगशाळेत धावली. हाताने ढवळून, अंदाजाने गरम करून तिने थोडासा साबण जमवला आणि पळत घरी आणला. मुखवटा लावल्यावर श्वास हळूहळू उतरला. बोलता येऊ लागलं तसे ते म्हणाले, "तुले लय तरास देऊन रायलो, पुनी."

तिने त्यांच्या पाठीमागे उशी लावली.

सकाळी तस्नीमचा फोन आला. "गाडी आली नाही. दोघांना कसंबसं धरलं, पण यमुनाबाईंना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वाचतील बहुतेक." आवाज थकलेला होता. "पौर्णिमा, हे असं किती दिवस चालवायचं? काही सुचतंय का तुला?"

"उपाय आहे," पौर्णिमा म्हणाली. "पेशींवर लागू पडलाय. आज पाठवते सगळं."

"लागू पडलाय? कधी?"

पौर्णिमाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कधी लागू पडला, पौर्णिमा?"

"पोळ्याच्या आधी."

पलीकडे वॉर्डातले आवाज येत होते. यमुनाबाई पाटे घडवायच्या. बऱ्या झाल्या की तस्नीमला वरवंटा घडवून देणार होत्या. हे तस्नीमनेच कौतुकाने सांगितलं होतं.

"का?" तिने विचारलं.

"बाबा परत गेले असते म्हणून."

"पाठव," तस्नीम म्हणाली, आणि फोन ठेवला.

तातडीची परवानगी मिळाली. नव्या रेणूचे वाफारे नागपूरला तिघांना आणि इकडे केवळरामांना सुरू झाले. यमुनाबाई वाचल्या. सगळ्यांचीच फुप्फुसं आधी बिचकली, मग नेटाने आपला साबण करू लागली. एका सकाळी केवळराम वाफारा न घेता नाल्यापर्यंत चालत जाऊन आले. तस्नीमचे कामाचे निरोप येत राहिले, नेमके आणि नीटस. रविवारी फोन आला नाही, त्यापुढच्या रविवारीही नाही. पौर्णिमाने एकदा लावला. तो उचलला गेला नाही.

बाबा निघायच्या आदल्या दिवशी ती त्यांच्यासमोर बसली आणि तिने सगळं सांगितलं. औषध आधीच हाती आलं होतं, तिने ते दाबून ठेवलं, म्हणून त्या संध्याकाळी त्यांचा जीव जायची वेळ आली. केवळराम ऐकत होते. हातातली विडी त्यांनी पेटवली नव्हती. पेटवायची नव्हतीच, नुसती सवय म्हणून धरलेली.

"मले सांगाचं होतं," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर थांबले असते का?"

वानरांची एक टोळी समोरच्या छपरावरून गेली, तिकडे ते बघत होते.

"खोटं कायले बोलू. मले नाई सांगता येत. पण तू थांबा म्हणतलं असतं, तं मी ऐकलं असतं. तेवढं तरी झालं असतं." मग ते म्हणाले, "मी बी तुह्या मायले काई न सांगता गेलो. तुले राग धराचा हक आहे, मले नाई."

"आता म्हटलं तर?"

"आता तिकडं फुलवंती बसली आहे, पुनी. पेरणी तिनं एकटीनं केली." त्यांनी विडी खिशात ठेवली. "तूच चाल. चार दिस राय."

"प्लांट कोण बघेल," पौर्णिमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना गोंदियाच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून ते काही म्हणाले, पण काच लागलेली होती. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात वर केला आणि वळण येईपर्यंत तो तसाच ठेवला.

ती घरी आली. ओसरीवर त्यांची खुर्ची होती, ती तिने आत घेतली. झाडू जागेवर होता, अंगण सकाळचंच झाडलेलं होतं. काय करावं ते न सुचून ती खाटेवर बसून राहिली. उन्हं कलली, खोलीत अंधारू लागलं, तरी ती दिवा लावायला उठली नाही. तेवढ्यात फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"मी फुलवंती बोलतो," एक बाईचा आवाज म्हणाला. थोडा घाबरलेला, थोडा खडा. "ते पोचले. आत्ता आंग धुवून रायले. म्या म्हटलं, तुले इचारून घेतो, खाण्यापिण्याचं काय पथ्य आहे त्याईचं."

पौर्णिमाने सांगितलं. तेलकट कमी, धुरात बसायचं नाही, चुलीजवळ तर नाहीच. थंडीत छाती झाकून ठेवायची. महिन्याने तपासायला न्यायचं. फुलवंती प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होती, आणि एकेक गोष्ट स्वतःशी पुन्हा म्हणून बघत होती. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. पण दोघींनीही फोन ठेवला नाही. मागे कुठेतरी बादलीत पाणी पडत होतं, आणि बाबा कोणाला तरी हाक मारत होते.

"तू जेवली का?" फुलवंतीने विचारलं.

पौर्णिमाने अंधारात स्वयंपाकघराकडे पाहिलं. सकाळपासून गॅस पेटवलेला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "जेवले."